राजनांदगावच्या प्रवासाने घडवलेला मराठी ख्रिस्तकवी

रायपूर, २४ डिसेंबर : नाताळच्या उपासनेसाठी मराठी चर्चमध्ये भाविक जमतात, पेटी आणि टाळांच्या साथीने भजने सुरू होतात, तेव्हा त्यांतील कित्येक रचनांचा कर्ता एकच असतो. तो म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. मराठी ख्रिस्ती भक्तिगीताला स्वतःचा सूर देणाऱ्या या कवीचे आयुष्य ज्या रेल्वेप्रवासाने पालटले, तो प्रवास छत्तीसगडच्या दिशेने झाला होता, याची आठवण मात्र फारशी काढली जात नाही. रायपूरच्या पश्चिमेस सुमारे ७० किलोमीटरवर वसलेले राजनांदगाव हे त्या प्रवासाचे ठिकाण होते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि स्वभावाने कडक होते. आई जानकीबाई श्रद्धाळू व काव्यप्रेमी होत्या. त्यांच्याकडूनच नारायणाला कवितेची आणि भक्तीची ओढ लागली. आईचे छत्र लहानपणीच हरपले. त्यानंतर घराशी असलेले नाते सैल झाले आणि हा मुलगा विद्येच्या शोधात नाशिकला पोहोचला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक या नावाने मराठी वाङ्मयात अजरामर झाल्या.

संसार सुरू झाला, पण टिळक एका जागी स्थिरावले नाहीत. शिक्षक, कीर्तनकार, पुराणिक, कवी अशा अनेक भूमिका करीत ते गावोगाव फिरत राहिले. हाती पैसा आला की तो गरजूला देऊन टाकावा आणि घरी रिकाम्या हाताने परतावे, ही त्यांची रीत होती. या भटकंतीमागे केवळ चंचलपणा नव्हता. जातिभेदाने विभागलेल्या समाजाला एकत्र बांधील असा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांना छळत होता. ईश्वर एकच असून तो सर्वांचा पिता आहे, म्हणून माणसे परस्परांची भावंडे आहेत, या तत्त्वावर नवा पंथ काढावा, असेही त्यांच्या मनात घोळत होते.

१८९१ च्या सुमारास ते नागपूरला आले. तेथील धनिक आणि विद्याप्रेमी अप्पासाहेब बुटी यांचा आश्रय त्यांना लाभला आणि ग्रंथसंपादनाचे काम मिळाले. मात्र तेथेही त्यांचे मन रमले नाही. १८९३ मध्ये पोटापाण्याच्या शोधात ते नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे निघाले. बैरागी महंतांच्या घराण्याकडे असलेले हे संस्थान तेव्हा रेल्वेमुळे नागपूर आणि रायपूर या दोन्ही शहरांशी जोडले गेले होते. छत्तीसगड १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा भाग असल्याने मराठी माणसाला हा मुलूख परका वाटत नसे. शिवाय याच प्रदेशात, रायपूरच्या उत्तरेकडील बिश्रामपूर येथे, ऑस्कर लोर या जर्मन धर्मोपदेशकाने १८६८ पासून ख्रिस्ती मिशनचे कार्य उभारले होते.

रेल्वेच्या डब्यात टिळकांची गाठ एका गोऱ्या सहप्रवाशाशी पडली. फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड ते हेच. साहेब आपल्याला डब्यातून उतरवील, अशी धास्ती बाळगण्याचा तो काळ होता. वॉर्ड यांनी मात्र या तरुण ब्राह्मणाला आपुलकीने जागा दिली. बोलणे संस्कृत काव्यावरून निघाले आणि धर्मावर येऊन थांबले. टिळकांच्या मनातील नव्या पंथाची तत्त्वे ऐकल्यावर वॉर्ड यांनी त्यांना नव्या कराराची प्रत भेट दिली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांना ते अतिशयोक्तीचे वाटले. तरीही ग्रंथ वाचण्याचे वचन त्यांनी दिले.

वचनापोटी सुरू झालेले वाचन मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तेथे मन गुंतले. जे दीन आहेत, जे शोक करतात, जे दयाळू आहेत, त्यांना धन्य म्हणणारी ती शिकवण होती. शत्रूवरही प्रेम करावे, दानधर्म गुपचूप करावा, दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ पाहण्याआधी आपल्या डोळ्यातील मुसळ पाहावे, असा सदाचरणाचा मार्ग त्या तीन अध्यायांत आहे. वर्षानुवर्षे पडलेल्या प्रश्नांची उत्तरे त्या पानांत मिळत आहेत, अशी टिळकांची खात्री पटत गेली.

मात्र मनाने मान्य केलेले जगासमोर सांगणे सोपे नव्हते. तत्कालीन समाजात धर्मांतर म्हणजे जात, घर, नातीगोती आणि उपजीविका या सर्वांना मुकणे होते. काही काळ टिळकांनी आपले विचार जाहीर केले नाहीत. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत, अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा संस्कार परदेशी मिशनऱ्याऐवजी भारतीय धर्मोपदेशकाच्या हातून व्हावा, हा त्यांचा आग्रह होता. वॉर्ड यांनी सांगितलेली दोन वर्षांची मुदत जवळपास तंतोतंत खरी ठरली.

या निर्णयाची सर्वांत मोठी किंमत लक्ष्मीबाईंना मोजावी लागली. पतीने त्यांना आधी कल्पना दिली नव्हती. बातमी कळताच त्या कोलमडून गेल्या. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या आणि जवळपास पाच वर्षे पती-पत्नी वेगळे राहिले. सत्याच्या शोधात निघालेल्या माणसाच्या मागे घरच्यांनी किती सोसावे, हा प्रश्न टिळकांच्या चरित्रातून वगळता येत नाही. लक्ष्मीबाईंनी आपल्या स्मृतिचित्रे या आत्मकथनात तो वगळलेला नाही. पतीवरील प्रेम आणि त्यांच्याविषयीची तक्रार, दोन्ही त्यांनी सारख्याच मोकळेपणाने मांडली. १८९९ च्या सुमारास त्या पतीकडे परतल्या, तेही धर्म न बदलता. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. जातिभेद माणसाने निर्माण केला, देवाने नव्हे, हा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या विचाराने काढला आणि १९०० मध्ये स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला.

त्यानंतरचे टिळकांचे आयुष्य प्रामुख्याने अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आणि राहुरी येथे गेले. अहमदनगरच्या धर्मशिक्षण संस्थेत ते शिकवीत. दुष्काळ आणि प्लेगच्या त्या वर्षांत अनाथ मुले टिळकांच्या घरी आसरा घेत आणि तुटपुंज्या मिळकतीत लक्ष्मीबाई सर्वांच्या मुखी घास घालत. याच घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे अर्थात बालकवी यांनाही माया मिळाली. निसर्गावर आणि मुलांवर लिहिलेल्या कवितांमुळे टिळक स्वतः फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले गेले. वनवासी फूल, सुशीला, केवढे हे क्रौर्य या त्यांच्या रचना धर्माच्या सीमा ओलांडून मराठी घराघरांत पोहोचल्या.

ख्रिस्ती होणे म्हणजे परदेशी होणे नव्हे, ही टिळकांची ठाम धारणा होती. पाश्चात्त्य चालींवर बसवलेली भाषांतरित गीते त्यांना कृत्रिम वाटत. त्यांनी अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन हे वारकरी संतांचे प्रकार ख्रिस्ती उपासनेत आणले. तुकोबांच्या वाटेवरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानीत. अभंगांजली हा त्यांच्या भक्तिरचनांचा संग्रह याच धारणेचे फळ आहे. १९१२ पासून ज्ञानोदय या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी केले.

१९०९ मध्ये त्यांनी ख्रिस्तायन हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र लिहावयास घेतले. त्याचे सुमारे दहा अध्याय त्यांच्या हातून झाले. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. धर्मांतराच्या बातमीने एकेकाळी जिचे जग उद्ध्वस्त झाले, शाळेचे तोंडही जिने पाहिले नव्हते, तिनेच पतीचे अपुरे काव्य पुढे नेले.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि सातारा येथे देवाचा दरबार स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तानुयायांना त्यात स्थान होते. निश्चित वेतन नाही, पाठीशी संस्था नाही, अशा स्थितीत आयुष्याची अखेरची दोन वर्षे गेली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार पार्थिवाचे दफन न करता दहन करण्यात आले आणि अस्थी अहमदनगरला नेण्यात आल्या.

गव्हाणीत जन्मलेल्या बालकाचा उत्सव साजरा करताना दारी आलेल्या गरजूसाठी घर उघडे आहे का, असा साधा प्रश्न टिळकांचे चरित्र विचारते. ग्रंथातील शिकवण वाचून थांबण्याऐवजी त्यांनी ती आपल्या दारापर्यंत आणली. नागपूरहून राजनांदगावमार्गे रायपूरकडे येणाऱ्या गाड्या आजही त्याच मार्गाने धावतात. त्या वाटेवर एका सहप्रवाशाने दुसऱ्याला आदराने जागा दिली आणि एक पुस्तक हाती ठेवले. मराठी ख्रिस्ती काव्याची एक मोठी परंपरा त्या छोट्याशा सौजन्यातून सुरू झाली.