गिरणीमालकाची बहीण, मजुरांची मोटाबेन

गेल्या महिन्यात आमच्या भिशीत कामवाल्या बायकांच्या पगाराचा विषय निघाला. त्यांना रेशनवर धान्य फुकट मिळतं, मग पगार कशाला वाढवायचा, असं सगळ्यांचं मत पडलं. मीही मान डोलावली. घरी आल्यावर मात्र कॉलेजात असताना वाचलेल्या अनसूयाबेन साराभाई आठवल्या आणि मन खाऊ लागलं.

अनसूयाबेनचा जन्म १८८५ मध्ये अहमदाबादच्या श्रीमंत गिरणीमालकांच्या घरात झाला. नऊ वर्षांच्या असताना आईवडील गेले. तेराव्या वर्षी लग्न झालं, पण ते टिकलं नाही. धाकटा भाऊ अंबालाल मात्र पाठीशी उभा राहिला. त्याच्याच मदतीने १९१२ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण जैन संस्कारांमुळे चिरफाड करवेना. मग त्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकल्या.

परत आल्यावर एके सकाळी त्यांनी गिरणीतून घरी जाणारे मजूर पाहिले. सलग ३६ तास राबून त्यांच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. या घामाचा पैसा कुठे जातो, हे अनसूयाबेनना कुणी सांगायला नको होतं. त्या त्याच पैशावर वाढल्या होत्या.

१९१७ मध्ये शहरात प्लेग आला. मजूर पळून जाऊ नयेत म्हणून मालकांनी जादा बोनस सुरू केला. साथ ओसरली तसा बोनस बंद, महागाई मात्र तशीच! विणकरांनी ३५ टक्के वाढ मागितली, मालक २० टक्क्यांवर अडून बसले. मालकांचे पुढारी होते खुद्द अंबालाल. आणि बहीण गांधीजींसोबत साबरमतीच्या काठी, बाभळीखाली, मजुरांच्या सभेत! मार्च १९१८ मध्ये गांधीजींनी उपोषण केलं, तिसऱ्या दिवशी तडजोड झाली. पुढे लवादाने ३५ टक्केच मान्य केले.

१९२० मध्ये मजूर महाजन ही संघटना उभी राहिली. अनसूयाबेन तिच्या अध्यक्ष झाल्या. मजूर त्यांना मोटाबेन, म्हणजे मोठी बहीण म्हणत. १९७२ मध्ये त्या गेल्या. त्याच वर्षी या संघटनेच्या महिला विभागातून इला भट्ट यांची 'सेवा' सुरू झाली.

आता माझंच पाहा. सरकार माझ्या कामवालीला धान्य देतं. तेवढ्यावर बोट ठेवून मी पगार कमी दिला, तर ते धान्य आलं कुणाच्या घरात? माझ्याच की! अनसूयाबेन सख्ख्या भावासमोर उभ्या राहिल्या, मला मात्र भिशीत तोंड उघडवलं नाही.

एक तारखेला मी पगार वाढवून दिला. पैसे मोजून तिने आधी विचारलं, की ताई, कोणतं काम वाढलंय? मला खाली बघावं लागलं. पुढची भिशी माझ्याकडे आहे. या वेळी मी बोलणार आहे.