विश्लेषण : फिटच्या गोळीसाठी रक्ततपासणी का? गोष्ट डॉ. ह्यूस्टन मेरिट यांची

फिट येऊ नये म्हणून फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णाला डॉक्टर औषधाची रक्तातील पातळी आणि एसजीपीटी तपासायला सांगतात. या गोळीची ओळख जगाला करून दिली ती अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ ह्यूस्टन मेरिट यांनी, सहकारी ट्रेसी पटनम यांच्यासोबत.

मेरिट यांचा जन्म १९०२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील विल्मिंग्टनचा. ते बॉस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये काम करू लागले तेव्हा अपस्मारावर ब्रोमाइड आणि फिनोबार्बिटल हीच मुख्य औषधे होती. झटके कमी होत, पण रुग्ण दिवसभर पेंगत राही. गुंगी न आणता झटका रोखणारे रसायन मिळेल का, हा दोघांचा प्रश्न होता. मांजरांना विजेचा सौम्य धक्का देऊन, कोणत्या रसायनामुळे झटका यायला जास्त वीज लागते, हे ते मोजत. त्यात फेनिटॉइन सरस ठरले. गंमत म्हणजे ते १९०८ मध्येच जर्मनीत तयार झाले होते. कुणाला त्याचा उपयोग ठाऊक नव्हता इतकेच! १९३८ मध्ये रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पातळी कशासाठी?

त्या काळी डोस ठरे तो रुग्णाची चाल आणि डोळ्यांची हालचाल पाहून. १९६० च्या सुमारास कोपनहेगनमध्ये फ्रिट्झ बुख्थाल आणि सहकाऱ्यांनी रक्तातील पातळी व परिणाम यांची सांगड घातली. आज मिलिलिटरमागे १० ते २० मायक्रोग्रॅम ही साधारण योग्य पातळी मानतात. फेनिटॉइन मोडणाऱ्या यकृतातील एन्झाइमची क्षमता मर्यादित असते. ती संपत आली की डोस जरासा वाढवला तरी पातळी एकदम चढते. मग तोल जातो, डोळे थरथरतात. रक्त शक्यतो पुढची गोळी घेण्याआधी द्यावे.

एसजीपीटीचे काम वेगळे. यकृताच्या पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरते. जीजीटी मात्र इजा नसतानाही या औषधाने वाढू शकते, म्हणून तेवढ्यावरून घाबरून गोळी बंद करू नये. अचानक बंद केली तर झटके उसळतात.

मेरिट पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील वैद्यकीय महाविद्यालयाचे ते अधिष्ठाताही झाले. १९६८ मध्ये पोर्तुगालचे सालाझार कोसळले, तेव्हा लिस्बनला त्यांनाच बोलावले गेले. १९७९ मध्ये ते वारले. १९५५ मध्ये त्यांनी लिहिलेल्या मेंदूविकारांच्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्त्या त्यांच्या नावानेच निघत राहिल्या.