इरावतीबाईंचं फील्डवर्क

शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परळी, अंबाजोगाई करत पंढरपूरला जाते. तुमच्यापैकी कित्येकांनी रस्त्यावर उभं राहून वारकऱ्यांना पाणी दिलं असेल. अशाच एका दिंडीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या समाजशास्त्राच्या प्राध्यापक चालल्या होत्या. डॉ. इरावती कर्वे. दिवसभर सगळे एकत्र अभंग म्हणायचे, पण जेवायची वेळ झाली की ब्राह्मणांची पंगत वेगळी, मराठ्यांची वेगळी. हे बाईंना फार लागलं. त्यांनी ते लपवलं नाही, वारीवरच्या लेखात लिहून टाकलं. (आपल्या कँटीनमध्ये कोण कुणाच्या टेबलावर बसतं, बघा एकदा.)

जन्म १५ डिसेंबर १९०५, ब्रह्मदेशात. तिथल्या इरावती नदीचंच नाव मुलीला ठेवलं. सातव्या वर्षी पुण्यात हुजूरपागेत, पुढं फर्ग्युसनमधून १९२६ ला तत्त्वज्ञानात बी.ए. मग मुंबईत डॉ. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र. रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर कर्वे यांच्याशी लग्न झालं, म्हणजे त्या महर्षी कर्व्यांची सून.

खरी परीक्षा बर्लिनमध्ये झाली. तिथले गाइड ऑयगेन फिशर. हे वंशश्रेष्ठत्व मानणारे गृहस्थ, पुढं नाझींना त्यांच्या विचारांचा आधारच झाला. युरोपियनांची कवटी एका बाजूला जास्त भरलेली असते, म्हणून त्यांची बुद्धी सरस, असा त्यांचा होरा. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. तसा काहीच फरक निघाला नाही. डिग्री गाइडच्या हातात, आपण परक्या देशात, आणि निष्कर्ष त्यांच्या विरोधात! बाईंनी आकडे जसे आले तसेच मांडले. १९३० ला डॉक्टरेट घेऊन त्या परत आल्या.

१९३९ पासून डेक्कन कॉलेज. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बाई त्याच, असं सांगतात. पण ऑफिसात बसून राहणं त्यांना जमायचं नाही. गावोगाव जाऊन कोण कुणाची सोयरीक करतं, हे त्या विचारायच्या. मामाची मुलगी चालते, मग आत्याची का चालत नाही? आपल्याकडं लग्न जमवताना घरातली म्हातारी माणसं हे सहज बोलून जातात. बाईंनी त्यातून अख्ख्या भारताच्या नात्यागोत्याचा नकाशा उभा केला. ते पुस्तक १९५३ चं. मराठी वाचकांना मात्र त्या ‘युगान्त’मुळे माहीत आहेत. महाभारतातल्या माणसांकडे माणूस म्हणून बघणाऱ्या त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात मोलाचं काम कमी वाचलं गेलंय. कोयना धरणात गावं बुडाली, ती माणसं गेली कुठं? मुलगी जाई निंबकर यांच्यासोबत बाईंनी या विस्थापितांची पाहणी केली. घर आणि जमीन तर गेलीच, पण भावकी पांगली, शेजार तुटला. सरकारी नुकसानभरपाईच्या हिशेबात याला रकाना नसतो. माजलगाव धरणात ज्यांच्या आजोबांचं शेत गेलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

कोयनेचा हा अहवाल १९६९ ला छापून आला. पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्टला, बाई गेल्या. तेव्हा त्यांचं वय होतं ६४.