हॅरोल्ड हार्ट मान

हॅरोल्ड हार्ट मान (१८७२ – १९६१) हे इंग्रज कृषी रसायनशास्त्रज्ञ आणि ग्रामीण अर्थजीवनाचे अभ्यासक होते. पुणे येथील कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि नंतर मुंबई प्रांताचे कृषी संचालक म्हणून त्यांनी काम केले.

== भारतातील कारकीर्द ==
इ.स. १९०० मध्ये चहा उत्पादकांच्या संघटनेचे शास्त्रज्ञ म्हणून ते भारतात आले. चहावरील किडी व रोगांविषयीचा त्यांचा व जॉर्ज वॉट यांचा ग्रंथ १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९०७ मध्ये त्यांनी पुण्यातील पदभार स्वीकारला.

== बटाट्यावरील तांबेरा ==
पुणे जिल्ह्यातील बटाट्याच्या पिकावर मान व त्यांच्या सहकाऱ्यांनी विस्तृत संशोधन केले. 'तांबेरा' या रोगावरील त्यांचा लेख १९२० मध्ये प्रकाशित झाला. गव्हावरील तांबेरा बुरशीमुळे होतो. बटाट्यावरील तांबेऱ्याचे कारण मात्र कोळी हा नुसत्या डोळ्यांना सहसा न दिसणारा जीव आहे. तो कोवळ्या पानांच्या खालच्या बाजूस राहून रस शोषतो. तेथे तेलकट, तांबूस छटा येते, पानांच्या कडा वळतात व शेंडे वाळतात. करप्यात याउलट पानांवर काळपट डाग पडतात आणि दमट हवेत डागांच्या खालच्या बाजूस पांढरी बुरशी दिसते.

निदानातील हा फरक उपायांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. करप्यावर वापरले जाणारे मोरचुदाचे बोर्डो मिश्रण कोळ्यावर निरुपयोगी ठरते, तर गंधकाने कोळी आटोक्यात येतो. नाव सारखे म्हणून औषधही सारखेच वापरल्यास खर्च वाया जातो आणि पीकही हातचे जाते.

== ग्रामीण अभ्यास ==
मान यांनी पिंपळे सौदागर (१९१७) आणि जातेगाव बुद्रुक (१९२१) या गावांची पाहणी प्रसिद्ध केली. दुसऱ्या पाहणीत ना. वि. कानिटकर त्यांचे सहलेखक होते. पिंपळे सौदागरमध्ये १७७१ साली सरासरी ४० एकर असलेली धारणा १९१५ पर्यंत सुमारे ७ एकरांवर आली, असे त्यांनी दाखविले. जमिनीचे तुकडे व कर्जबाजारीपणा यांचा विचार न करता केवळ पीकसुधारणा केल्यास शेतकऱ्याची स्थिती बदलणार नाही, ही त्यांच्या अभ्यासाची दिशा होती.

== उत्तरायुष्य ==
१९२७ मध्ये भारतातील सेवेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी इंग्लंडमधील वोबर्न प्रायोगिक केंद्रात काम केले. दख्खनमधील पर्जन्य व दुष्काळ यांविषयीचा त्यांचा ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६१ मध्ये त्यांचे निधन झाले.