पीटर रॅबिटच्या आधीची बिएट्रिक्स

पीटर रॅबिट या खोडकर सशाची जन्मदात्री म्हणून बिएट्रिक्स पॉटर जगभर ओळखल्या जातात. मात्र, लेखिका म्हणून नावारूपाला येण्यापूर्वी त्यांना वेड होते ते रानातल्या अळंबीचे.

२८ जुलै १८६६ रोजी लंडनमधील सधन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षण घरीच झाले. उन्हाळ्यात कुटुंब स्कॉटलंडला मुक्कामी जाई. तेथील पोस्टमन आणि जाणकार निसर्ग अभ्यासक चार्ल्स मॅकिंटॉश यांनी त्यांना अळंबीच्या शास्त्राची दिशा दाखवली. मॅकिंटॉश नमुने पाठवीत आणि बिएट्रिक्स ते जलरंगांत रेखाटत.

सप्टेंबर १८९३ मध्ये डंकेल्ड येथे त्यांनी काळपट, खवलेदार टोपीची 'ओल्ड मॅन ऑफ द वूड्स' ही दुर्मीळ अळंबी चितारली. त्याच दिवसांत एका आजारी मुलाला धाडलेल्या सचित्र पत्रात पीटर रॅबिट अवतरला.

पुढे त्यांनी अळंबीचे बीजाणू घरीच रुजवून सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासले. त्यावरील निबंध १ एप्रिल १८९७ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मांडण्यात आला. पण स्त्रियांना तेथे प्रवेश नसल्याने लेखिकाच सभेला गैरहजर होती. निबंध नंतर मागे घेण्यात आला. त्याची प्रत आज उपलब्ध नाही. आपल्याकडून अन्याय झाल्याचे संस्थेने मान्य केले, ते १९९७ मध्ये!

चित्रे मात्र टिकली. यातील अनेक अळंब्या झाडांच्या मुळांशी सहजीवन साधून जगतात. जंगल तुटले की त्याही संपतात. शिवाय जमिनीवर त्यांचे दर्शन घडते ते वर्षातले मोजके दिवस. त्यामुळे कोणती अळंबी कोठे, केव्हा दिसली याची नेमकी नोंद ही संरक्षणाची पहिली पायरी ठरते. बिएट्रिक्स यांच्या कित्येक चित्रांवर स्थळ आणि तारीख आहे. अँबलसाइडच्या आर्मिट संग्रहालयात जपलेल्या या चित्रांचा आधार अभ्यासक आजही अळंबी ओळखण्यासाठी घेतात. १९६७ मध्ये अळंबीविषयक एका ग्रंथात त्यांतील ५९ चित्रे छापली गेली.

पुस्तकांच्या उत्पन्नातून बिएट्रिक्स यांनी इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये शेते, कुरणे आणि वनजमीन विकत घेतली. २२ डिसेंबर १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. मृत्युपत्रान्वये ४००० एकरांहून अधिक जमीन त्यांनी नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केली.