प्रशांतचंद्र महालनोबिस

प्रशांतचंद्र महालनोबिस (जन्म : २९ जून १८९३, कोलकाता, मृत्यू : २८ जून १९७२, कोलकाता) हे भारतीय संख्याशास्त्रज्ञ व भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक होते. आज डेटा अ‍ॅनालिटिक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा भारतातील पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांची स्वतःची पदवी मात्र पदार्थविज्ञानाची होती.

शिक्षण

महालनोबिस यांचे घराणे ब्राह्मो समाजाचे अनुयायी होते. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९१२ साली ते पदार्थविज्ञान विषय घेऊन पदवीधर झाले. पुढील वर्षी ते इंग्लंडला गेले व केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले. तेथे गणिती श्रीनिवास रामानुजन यांच्याशी त्यांचा परिचय झाला. १९१५ मध्ये शिक्षण पूर्ण झाल्यावर पहिल्या महायुद्धामुळे त्यांचा परतीचा प्रवास लांबला. त्या अवधीत एका अध्यापकाने त्यांना 'बायोमेट्रिका' हे संख्याशास्त्रीय नियतकालिक दाखवले. त्याचे सर्व अंक विकत घेऊन ते मायदेशी परतले. हे अंक हीच त्यांची या विषयातील पाठ्यपुस्तके ठरली.

संशोधन

प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असतानाच त्यांनी कोलकाता विद्यापीठाच्या परीक्षांच्या निकालांचे विश्लेषण केले. १९२० साली नागपूर येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात त्यांची प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅननडेल यांच्याशी भेट झाली. अ‍ॅननडेल यांनी कोलकात्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराची मोजमापे त्यांच्याकडे अभ्यासासाठी सोपवली. या अभ्यासातून निघालेल्या विचाराची परिणती १९३६ साली 'महालनोबिस अंतर' या संकल्पनेत झाली. उंची, वजन यांसारख्या परस्परसंबंधित गुणांचा एकत्र विचार करून दोन गटांतील वेगळेपण मोजण्याची ही रीत आजही वर्गीकरणासाठी आणि इतरांपासून फटकून असलेल्या नोंदी हुडकण्यासाठी वापरली जाते.

१९२६ च्या ओरिसातील महापुरानंतर नदीचे पात्र उंचावल्याचे अनुमान अभियंत्यांनी काढले होते व बांध वाढवण्याची शिफारस केली होती. महालनोबिस यांनी सुमारे साठ वर्षांच्या नोंदी तपासून हे अनुमान निराधार असल्याचे दाखवले आणि पूरनियंत्रणासाठी धरणांचा पर्याय सुचवला.

बंगालमधील तागाच्या पिकाच्या पाहणीत त्यांनी नमुना पद्धती विकसित केली. एकाच क्षेत्राची पाहणी दोन स्वतंत्र गटांकडून करून घेतल्यास गणनेतील चुका उघडकीस येतात, हे त्यांनी दाखवून दिले. पीककापणीसाठी किती क्षेत्र निवडावे, यावरून त्यांचा मराठी संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्याशी वाद झाला. फार लहान तुकडा घेतल्यास कडेची रोपे आत धरली जाऊन उत्पन्न फुगते, असे सुखात्मे यांचे म्हणणे होते.

पदव्युत्तर शिक्षणाची उभारणी

१९३१ साली महालनोबिस यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. १९३३ मध्ये 'सांख्य' हे संशोधनपत्र सुरू झाले. या काळात संख्याशास्त्र शिकू इच्छिणाऱ्यास गणिताची पदवी घेऊन पुढे संस्थेत प्रशिक्षण घ्यावे लागे. १९४१ साली कोलकाता विद्यापीठात संख्याशास्त्राचा पदव्युत्तर वर्ग उघडला. त्याच्या पहिल्या तुकडीत पुढे जगप्रसिद्ध झालेले सी. आर. राव हे होते. १९५९ च्या कायद्याने भारतीय सांख्यिकी संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था हा दर्जा व स्वतः पदवी देण्याचा अधिकार मिळाला. विद्यार्थ्यांनी गणिताबरोबर प्रत्यक्ष पाहणीचे कामही जाणले पाहिजे, असा महालनोबिस यांचा आग्रह होता. १९५६ साली संस्थेत आलेला संगणक हा भारतातील पहिला अंकीय संगणक मानला जातो.

नियोजन व सन्मान

१९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीचे ते शिल्पकार होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा त्यांच्या प्रतिमानावर आधारलेला होता. अवजड उद्योगांवर त्यात दिलेल्या भरामुळे शेती व उपभोग्य वस्तूंकडे दुर्लक्ष झाले, अशी टीका अनेक अर्थशास्त्रज्ञांनी केली. १९४५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १९६८ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. २००७ पासून त्यांचा जन्मदिवस, २९ जून, भारतात सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो.