मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

मुद्देनहळ्ळीचे विश्वेश्वरय्या १८८३ साली पुण्यास अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण झाले व मुंबई सरकारच्या सेवेत शिरले. धरणांमुळे त्यांची कीर्ती झाली. शहरांच्या पाण्यासाठी त्यांनी केलेले श्रम मात्र थोड्यांसच ठाऊक आहेत.

सक्कर येथे सिंधू नदीचे पाणी गढूळ असे आणि ते गाळण्याची कुंडे बांधण्यास नगरपालिकेपाशी पैसा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणविली. वाळूतून झिरपून तीत निर्मळ पाणी साचू लागले! १९०६ साली समुद्रकाठच्या एडन शहरासाठी त्यांनी पाणीपुरवठा व सांडपाणी या दोहोंचा विचार केला.

१९०८ साली मुसी नदीच्या महापुराने हैदराबादेत हाहाकार उडाला. पूर अडविण्यासाठी विश्वेश्वरय्यांनी तलाव सुचविले. शिवाय घरोघरचे घाण पाणी मुसीत मिसळू नये, म्हणून ते जमिनीखालील नळांतून शहराबाहेर नेण्याची योजनाही आखून दिली.